बोअर करूनही पुन्हा धूर: जुन्या १०० सीसी हिरो होंडाचं इंजिन ऑईल का खातं

जुनी सीडी १००, स्प्लेंडर किंवा पॅशन. सायलेन्सरमधून निळसर धूर, प्लग काळा आणि ओला, ऑईल दर पंधरवड्याला खाली. गॅरेजमध्ये ‘हाफ इंजिन’ होतं: ब्लॉकला बोअर (म्हणजे सिलेंडरचं भोक आतून थोडं मोठं कापून घेणं), नवा पिस्टन, नव्या रिंगा, गॅस्केट. चार-सहा महिने गाडी झकास पळते आणि मग मागचा गाडीवाला पुन्हा नाक दाबायला लागतो. दुसऱ्या वेळी पुढच्या साईजचा पिस्टन, तिसऱ्या वेळी त्याच्याही पुढचा. ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिमी एवढेच ओव्हरसाईज असतात. ते संपले की नवी स्लीव्ह बसवा नाहीतर ब्लॉक भंगारात घाला.

असं परत परत होत असेल तर दोनपैकी एक गोष्ट नक्की. बोअरला काहीतरी खातंय, नाहीतर धूर बोअरमधून येतच नाही. थोडं इंजिन उघडण्याआधी आणि थोडं उघडल्यावर पहिल्या अर्ध्या तासात हे कळतं. तो अर्धा तासच कोणी देत नाही. ब्लॉक सुटला की पिशवीत घालून थेट कोल्हापूरच्या उद्यमनगरात, बोरिंगवाल्याकडे.

खालचं सगळं या तिन्ही गाड्यांतल्या ९७.२ सीसी इंजिनाला धरून आहे. बोअर ५० मिमी, स्ट्रोक ४९.५ मिमी, ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये बिडाची स्लीव्ह, आणि सिलेंडर जवळपास आडवा. हा आडवेपणा पुढे तीन ठिकाणी आडवा येतो. आरएक्स १०० वाल्यांनी यातलं काही लावून घेऊ नये. टू-स्ट्रोकमध्ये ऑईल जळायचंच असतं, आणि तिथे अचानक धूर वाढला तर आधी गिअरबॉक्सकडचं क्रँक सील बघायचं.

धूर कधी येतो?

रंग आधी. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त: चोक अडकलेला, जेट झिजलेला किंवा एअर फिल्टर चोंदलेला. इंजिन उघडायची गरज नाही. थंडीत सकाळी निघणारा आणि दोन मिनिटांत विरणारा पांढरा धूर ही नुसती वाफ. निळसर आणि जळक्या तेलाचा वास असलेला धूर तेवढा आपल्या कामाचा.

तो निळा धूर रात्रभर उभ्या गाडीला पहिल्या किकनंतर भसकन येऊन थांबत असेल, तर व्हॉल्व्हच्या दांडीवरून तेल रात्रीत खाली उतरलंय. दांडीवरचं सील कडक झालंय किंवा गाईड, म्हणजे दांडी ज्या नळीत सरकते ती, झिजलंय. खात्री करायची तर उतार हवा, आणि तो कोल्हापूरकरांना आयता आहे. पन्हाळ्यावरून वाघबीळकडे गाडी तिसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर पूर्ण सोडून उतरवा. उतार संपल्यावर ॲक्सिलरेटर द्या आणि मागच्या माणसाला बघायला सांगा. ॲक्सिलरेटर बंद असताना इनटेकमध्ये ओढ जबरदस्त असते, ती गाईडमधून तेल खेचते, आणि ॲक्सिलरेटर देताच ते ढगासारखं बाहेर पडतं. असा ढग दिसला तर हेड, म्हणजे ब्लॉकवरचा व्हॉल्व्हवाला भाग, दोषी. बोअर कितीही वेळा केला तरी हा धूर जाणार नाही, कारण हेडला कोणी हातच लावलेला नसतो.

उलट दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवून चढ चढताना, म्हणजे लोडवर, सतत धूर येत असेल आणि पिकअपही पडला असेल, तर रिंगा आणि बोअर.

हे सगळं करण्याआधी तीन फुकटच्या गोष्टी तपासा. पहिली ऑईलची पातळी. गाडी मेन स्टँडवर सरळ उभी, इंजिन थोडं चालवून दोन-तीन मिनिटं बंद ठेवलेलं, आणि डिपस्टिक आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची. ऑईल बदलताना या इंजिनात पूर्ण लिटर मावत नाही, तरी ‘उरवून काय करायचं’ म्हणून अख्खा डबा ओतला जातो. जास्तीचं तेल रिंगांवर उडतं आणि धूर होतो. दुसरी ब्रीदरची नळी. ती चेपली, चिखलानं बुजली किंवा कुंभारमाशीनं आत घर केलं, तर क्रँककेसमधला दाब तेलाला वर ढकलतो. तिसरी ऑईल कुठून गळतंय का, कारण बरंचसं ‘खाल्लेलं’ तेल खरं तर क्लच कव्हरखाली किंवा गिअर शाफ्टच्या सीलमधून ठिबकलेलं असतं.

मग खप मोजा. वरच्या खुणेपर्यंत भरा, ३०० किमी चालवा, आणि परत त्याच खुणेवर यायला किती मिली लागलं ते औषधाच्या सिरिंजनं मोजा. हजार किमीला १०० मिली लागत असेल तर जुन्या इंजिनाला तेवढं माफ करावं, ऑईल बघत राहावं. २५०-३०० च्या वर गेलं की उघडायला हरकत नाही.

हवा भरून ऐकणं

कॉम्प्रेशन गेज असेल तर ॲक्सिलरेटर पूर्ण उघडून, चोक न लावता, काटा चढायचा थांबेपर्यंत किक मारायची. पुस्तकात पुढे लिहिलेलं असतं की प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल टाका, आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. उभ्या सिलेंडरला ते चालतं. या इंजिनात तेल पिस्टनभोवती पसरत नाही, खालच्या बाजूला साचतं, त्यामुळे निकाल अर्धवट येतो. त्यावर विसंबू नका.

हवेची चाचणी जास्त भरवशाची. त्याच आट्याच्या जुन्या प्लगचं पोर्सेलीन फोडून काढा, आत ट्यूबच्या व्हॉल्व्हची पितळी नळी ब्रेझिंग करून घ्या. हे हत्यार पुढे कायम कामाला येतं. दोन्ही टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारे स्क्रू) सैल असतील अशा स्थितीत पिस्टन वर आणा, म्हणजे मॅग्नेटवरची ‘टी’ खूण जुळवा. चौथा गिअर टाका आणि मागचा ब्रेक कोणाला तरी दाबून धरायला सांगा, नाहीतर हवा भरताच इंजिन फिरून चाक हलेल. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरनं हवा सोडा आणि ऐका. कार्बोरेटरमध्ये सुस्कारा आला तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमध्ये आला तर एक्झॉस्ट, ऑईल भरायच्या तोंडातून फुसफुस आली तर रिंगा. रिंगांतून थोडी हवा नव्या इंजिनातही जाते, व्हॉल्व्हमधून मात्र अजिबात जाऊ नये.

उघडल्यावर, काहीही पुसण्याआधी

हेड काढताना कोणत्या स्टडवर तांब्याचा वॉशर होता आणि कोणत्या नटाचं तोंड बंद होतं, याचा फोटो काढून ठेवा. वर जाणारं तेल त्यातल्या एका स्टडच्या भोकातून जातं. तिथली छोटी ओ-रिंग विसरली किंवा वॉशर चुकीच्या जागी बसला तर हेडमधून गळती, नाहीतर कॅमला तेल कमी.

आता पिस्टनचा माथा बघा. सगळीकडे सारखा कोरडा कार्बन असेल तर रिंगा बऱ्या आहेत. कडेनं धुतल्यासारखी चकचकीत पट्टी असेल तर तेल रिंगांवरून वर येतंय. इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर जाड, ओलसर, डांबरासारखा थर असेल तर तेल गाईडमधून येतंय. या दोन खुणा रॉकेलनं धुवून टाकल्या की गेल्या. गॅरेजमध्ये पहिली गोष्ट नेमकी तीच होते.

पिस्टनच्या अंगावरची घासही वाचता येते. एका बाजूला वर आणि समोरच्या बाजूला खाली, अशी तिरकी चकाकी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकलाय. मग बोअर कितीही सरळ केला तरी पिस्टन तिरकाच चालणार. रॉड हातात धरून वर-खाली ओढा. बिग एंडला, म्हणजे रॉडच्या क्रँककडच्या टोकाला, या दिशेनं काहीही खेळ जाणवता कामा नये. रॉड बाजूला थोडा सरकतो, त्याला घाबरायचं कारण नाही. वर-खाली खेळ असेल तर ‘फुल इंजिन’, म्हणजे क्रँकसकट सगळं उघडणं, आलं. तिथे वाचवलेले पैसे दोनदा जातात.

वरच्या रिंगेच्या पट्ट्यात बारीक उभे ओरखडे आणि खालची रिंग त्या मानानं बरी, असं दिसलं तर गुन्हेगार धूळ. धूळ वरून येते, म्हणून वरचीच रिंग आधी संपते. उलट ओरखडे खालून वर आणि ऑईल रिंगही खराब असेल तर घाण तेलातून आलीय.

गेज नसताना बोअर मोजणं

बोअर गेजनं तीन उंचींवर, प्रत्येकी दोन दिशांना, अशी सहा मापं घ्यायची. गेज नसेल तर जुनीच वरची रिंग घ्या. ती ब्लॉकच्या तळाशी, जिथे रिंग कधी पोचत नाही तिथे, पिस्टननं ढकलून सरळ बसवा आणि टोकांतली फट फिलर गेजनं मोजा. मग तीच रिंग वर, माथ्यापासून साधारण १० मिमी खाली, ढकलून पुन्हा मोजा. दोन फटींतल्या फरकाला ३.१४ नं भागा, तेवढा बोअर वर जास्त झिजलाय. फट तळाशी ०.४० आणि वर ०.७० असेल तर झीज जवळजवळ ०.१० मिमी. एवढ्यावर नुसत्या रिंगा बदलणं व्यर्थ. फरक ०.०५ च्या आत असेल, ओरखडे नखाला लागत नसतील आणि पिस्टनचा स्कर्टही (रिंगांखालचं अंग) मापात असेल, तर हलकं होनिंग (दगडानं आतून बारीक घासणं) आणि त्याच साईजच्या नव्या रिंगा पुरतात. ब्लॉकचा एक ओव्हरसाईज वाचतो.

आडव्या सिलेंडरमुळे झीज सगळीकडे सारखी नसते, म्हणून आडवं आणि उभं दोन्ही माप हवंच.

धुळीची वाट शोधा

ऊसतोडीच्या हंगामात पाणंदीची माती, गुऱ्हाळाजवळ चिपाडाची राख, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीजवळ वाळू. आपल्याकडे इंजिनाला खायला काही कमी नाही. एअर फिल्टर बदललाय एवढं पुरत नाही. कार्बोरेटर काढा आणि एअर फिल्टरच्या पेटीकडून येणाऱ्या रबरी नळीच्या आतून बोट फिरवा. बोटाला करकर लागली तर धूळ फिल्टरला वळसा घालून येतेय. नळी दुमडून, ताणून बघा, चीर तेव्हाच दिसते. पेटीच्या झाकणाचं रबर, फिल्टरची बसायची कड आणि नळीचा क्लॅम्प तपासा. कागदी फिल्टर झटकून, हवा मारून परत बसवायची सवय सोडा. जोरात हवा मारली की कागद फाटतो, आणि ते भोक डोळ्यांना दिसत नाही. फिल्टर बल्बसमोर धरून बघा.

तेलातली घाण दुसरीकडून येते. या इंजिनाला कारसारखा बदलायचा ऑईल फिल्टर नाही. क्लच कव्हरच्या आत, क्रँकच्या उजव्या टोकाला गोल फिरणारा सेंट्रिफ्युगल फिल्टर आहे आणि खाली जाळी. फिल्टरची वाटी उघडा, आत बहुतेक वेळा काळी, घट्ट चिकणमाती निघेल. वर्षानुवर्षं ऑईल बदललं तरी हे कोणी उघडत नाही. नवा पिस्टन बसवताना हे साफ न करणं म्हणजे अंघोळ करून मळके कपडे घालणं. जाळी धुवा, वाटी खरवडा, गॅस्केट नवं टाका.

पुरात बुडालेली गाडी

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पाण्यात गेलेल्या बऱ्याच गाड्या अजून रस्त्यावर आहेत, चिखली-आंबेवाडीकडे तर विचारायलाच नको. अशा गाडीत पाणी आडव्या बोअरच्या खालच्या अंगाला साचून राहतं आणि पिस्टन जिथे थांबला होता तिथे गंजाचा पट्टा उठतो. वरून घासून बोअर चकाकला तरी गंजाचे खड्डे राहतात. रिंगा त्यावरून जाताना तेल सोडतात आणि लवकर झिजतात. रिंगा खाचेतच चिकटलेल्याही असतात. जुनी गाडी विकत घेतली आणि धूर कशानं येतो ते कळत नसेल, तर मॅग्नेट कव्हरच्या आत आणि हेडलाईटच्या मागे गाळाची पिवळसर रेघ शोधा.

पुन्हा कधी बुडालीच तर किक मारू नका. प्लग काढा, ऑईल सोडून द्या, सिलेंडरमध्ये स्वच्छ तेल टाकून किक हातानं हळू फिरवा. मग तेल भरून, थोडं चालवून सोडा, दुधाळ रंग जाईपर्यंत.

हेडचं काम

व्हॉल्व्ह सीटवरून १० मिमी उचलून बाजूला हलवा. हाताला स्पष्ट खडखड जाणवली तर नुसतं सील बदलून भागत नाही, कारण डुगडुगणारी दांडी नवं सील थोड्याच दिवसांत अंडाकृती करते. गाईडच बदलायचं. हेड १३०-१४० अंश सेल्सियसपर्यंत सगळीकडून सारखं तापवायचं, ओव्हनमध्ये. एका जागी गॅसची ज्योत मारली तर हेड वाकतं. नव्या गाईडला रीमर आणि मग सीट कटिंग लागतंच, कारण नव्या गाईडचा मध्य जुन्या सीटशी जुळत नाही. ही पायरी टाळली की धूर जातो आणि कॉम्प्रेशनही जातं. लॅपिंग (व्हॉल्व्ह सीटवर पेस्टनं घासून बसवणं) झाल्यावर प्लग लावून ज्वलनकक्षात पेट्रोल भरा. पाच मिनिटांत पोर्टमध्ये थेंबही दिसता कामा नये.

बोरिंगला देताना

पिस्टन आधी विकत घ्या, ब्लॉकसोबत द्या. ‘०.५० चा बोअर मारून ठेवा, पिस्टन नंतर आणतो’ हे सगळ्यात महाग वाक्य. प्रत्येक पिस्टन थोडा वेगळा असतो आणि बोअर त्या पिस्टनला करायचा असतो. स्कर्टच्या तळापासून सुमारे १० मिमी वर, पिनला काटकोनात पिस्टन मोजायचा आणि बोअर त्याहून २० ते ४० मायक्रॉन मोठा ठेवायचा. शेवटचे ०.०३ ते ०.०५ मिमी टूलनं न काढता होनिंगनं काढायला सांगा. आरशासारखा बोअर बघून खूश होऊ नका. एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेषा दिसल्याच पाहिजेत, तेल त्यांत थांबतं आणि रिंगा त्यांवरच बसतात. उद्यमनगरात कारागिरांची कमतरता नाही, पण माप तुम्ही सांगितलं नाही तर ते अंदाजानं ठरतं. ब्लॉक हातात घेताना समोरच मोजून घ्या, गार असताना.

आणि मग धुणं. बहुतेक ‘परत धूर’ इथे जन्मतो. होनिंगच्या दगडाची पूड पेट्रोल-रॉकेलनं निघत नाही, ती रेषांत रुतून बसते आणि नव्या रिंगा तिच्यावर घासतात. गरम पाणी, कपड्यांची पावडर आणि ब्रश घेऊन घासा. मग तेलाचं पांढरं फडकं आतून फिरवा. ते राखाडी झालं तर परत धुवा, पांढरं राहीपर्यंत. लगेच वाळवून तेल लावा, पावसाळ्यात बीड बघता बघता गंजतं.

जोडणी

- रिंगेची फट बोअरमध्ये मोजा. ५० मिमी बोअरला ०.१५ ते ०.२५ मिमी चांगली. ०.१० पेक्षा कमी असेल तर कानसीनं टोक आतल्या दिशेनं हलकं घासा.
- ऑईल रिंग तीन तुकड्यांची. मधल्या जाळीदार स्प्रिंगची टोकं एकमेकांना भिडली पाहिजेत, एकावर एक चढता कामा नयेत. चढली तर पहिल्याच दिवशी धूर.
- अक्षर किंवा खूण असलेली बाजू वर. तिन्ही रिंगांच्या फटी १२० अंशांवर, ऑईल रिंगेच्या दोन पातळ पट्ट्यांच्या फटीही एकमेकींपासून दूर.
- पिस्टनवरचं ‘आयएन’ इनटेककडे. पिनच्या सर्क्लिप नेहमी नव्या, आणि त्या लावताना क्रँककेसच्या तोंडात फडकं कोंबलेलं.
- मॅग्नेटची ‘टी’ खूण आणि कॅम गरारीची ‘ओ’ खूण दोन्ही जुळवून चेन चढवा. हेडचे नट चौकडीत, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानं.
- टॅपेट गार इंजिनावर ०.०५ मिमी.

ऑईल १०डब्ल्यू-३०, जासो एमए लिहिलेलं. कारचं ऑईल नको, क्लच याच तेलात बुडालेला असतो आणि तो घसरायला लागतो.

नवं इंजिन स्टँडवर तासभर ‘रनिंगला’ लावून ठेवायची पद्धत बंद करा. बिनलोडचं, मंद चालणारं इंजिन रिंगांना बोअरवर दाबतच नाही. रेषा गुळगुळीत होतात, रिंगा कधीच बसत नाहीत आणि धूर कायमचा मुक्कामाला येतो. सुरू करा, तेल वर पोचल्याची खात्री करा, पाच-दहा मिनिटांत रस्त्यावर काढा. अर्ध्या ॲक्सिलरेटरपर्यंत वेग वाढवा, सोडा, पुन्हा वाढवा. पंधरा-वीस किमीनंतर पूर्ण गार होऊ द्या. पहिल्या ५०० किमीत कॅन, ट्रिपल सीट आणि पन्हाळ्याचा चढ नको, पण सरळ रस्त्यावर तासन् तास चाळीसनंही नको. पहिलं ऑईल १५०-२०० किमीला सोडा, दुसरं ५०० ला. त्याच वेळी टॅपेट परत तपासा, आणि सोडलेलं ऑईल उन्हात धरून बघा. राखाडी चमक पहिल्या वेळी असणारच, दुसऱ्या वेळीही तेवढीच असेल तर ब्लॉक नीट धुतला गेला नव्हता.